पत्र्यावरचा खड्डा

दादा जीप घेऊन एकटाच भोरहून परतत होता. वेल्ह्याच्या अलीकडच्या उतारावर जीप वळणावर वळलीच नाही, सरळ दरडीवर जाऊन आदळली. दादा जागीच गेला. बघणारं कुणी नव्हतं. दादाचा डोळा लागला असणार, असं गावानं ठरवून टाकलं, आणि पुढं सगळे तसंच बोलू लागले.

जीप ओढून आणून आम्ही गोठ्याशेजारच्या छपरात ठेवली. लष्करातून लिलावात निघालेली ती जुनी गाडी दादानं मोठ्या हौसेनं घेतली होती. वहिनींनी तिच्याभोवती कडब्याच्या पेंढ्या रचल्या, ती दिसू नये म्हणून. तरी दिवेलागणीला उतारावर कुणाच्याही जीपनं गिअर बदलला, की त्या हातातलं काम टाकून दारात जायच्या. गाडी पुढं निघून गेली, की परत चुलीपाशी येऊन बसायच्या.

अशी काही वर्षं गेली. एका उन्हाळ्यात बघतो तर वहिनींनी स्वतःच पेंढ्या बाजूला केलेल्या.

"भाऊजी, हिचे ब्रेक करा."

"कशाला वहिनी? कुठं न्यायचीय?"

"मला त्या उतारावरनं खाली जायचंय. हिच्यातनंच."

सारोळ्याच्या गॅरेजात मी बरीच वर्षं काम केलं होतं. नाही म्हणायला कारण नव्हतं आणि हो म्हणायला धीर नव्हता. पुढचं चेपलेलं ठोकून घेतलं, इंजिन चालू केलं. ब्रेक मात्र शेवटी ठेवले.

भोरला जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारे एक मुसलमान चाचा होते. त्यांनी दुकानाच्या मागून ब्रेकच्या रबरांचं किट शोधून आणलं. पुडी हातात देताना म्हणाले, "दादाचीच जीप ना? सावकाश करा. घाई नगं."

मागचं चाक काढलं आणि अपघाताचं कारण समोरच दिसलं. चाकाकडं जाणारी ब्रेकची नळी सांगाड्याला घासून घासून झिजली होती आणि एका जागी फाटली होती. ब्रेकचं सगळं ऑईल तिथूनच गेलं होतं. त्या जुन्या गाडीत चारी चाकांना मिळून एकच वाट. एक नळी फुटली की सगळेच ब्रेक गेले.

मग मी पेडलखालची चटई उचलली. खालचा पत्रा आत चेपला होता. पेडलच्याच आकाराचा खड्डा, कडेला पत्र्याला चीर गेलेली. एका दणक्यात असा खड्डा पडत नाही.

मी वहिनींना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं, त्यावरून बोटं फिरवली.

"म्हंजी जागे व्हते," त्या म्हणाल्या.

"व्हय. शेवटपर्यंत ब्रेक मारत व्हता."

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा पांढरा पडला. झोपेत गेलेला माणूस निदान भ्यालेला तरी नसतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

नळी बदलली, रबरं बदलली, नवं ऑईल भरलं. आता आत अडकलेली हवा काढायची राहिली. त्याला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकापाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, ढिलं करून हवा सोडायची. वहिनी म्हणाल्या, "म्या बसते." त्या दादाच्या जागेवर बसल्या. मी गाडीखाली आडवा झालो.

"दाबा. धरून ठेवा. मी सांगेस्तोवर सोडू नका."

बुडबुडे फुटत ऑईल खाली धरलेल्या बाटलीत यायचं. मी निपल आवळायचो, "सोडा" म्हणायचो. पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. शेवटच्या चाकाला बुडबुडे थांबले. निपल आवळून मी म्हणालो, "झालं वहिनी. सोडा."

वरून काहीच हललं नाही.

"वहिनी, सोडा आता."

"लागला न्हवं ब्रेक?" त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"लागला."

"मग सोडू कशी?"

मी बाहेर आलो. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं, नजर समोरच्या मातीच्या भिंतीवर होती, आणि पाय पेडलवर तसाच रोवलेला होता. वहिनींच्या पायाला मी हात फक्त सणाला, नमस्कारासाठी लावत असे. त्या दिवशी तो पाय मी दोन्ही हातांनी धरून अलगद उचलला आणि खाली ठेवला. मग त्या रडल्या. दादा गेला तेव्हाही त्यांना असं रडताना मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर जाऊन त्या उतारावरून खाली निघालो. वळणाच्या आधी मी ब्रेक दाबला आणि जीप निमूट थांबली. वहिनी दरडीकडं बघत राहिल्या.

"किती येळ लागला असंल वो, हितनं तितं?"

"लई न्हाई."

"त्येवढ्यात आमची आठवण झाली असंल का?"

मागून एसटी येऊन हॉर्न वाजवू लागली, तशी मी जीप पहिल्या गिअरमध्ये घातली.