सुखी इन्स्पेक्टर कोण बघणार?

घरात रद्दी साचते तसे सिरियलवाल्यांकडे किस्से साचतात. एक ओढून काढावा तर त्याच्याखालून दुसरा घरंगळतो. मी अमरावतीचा. कॉलेजात मराठी शिकवतो, हौसेनं एकांकिका लिहायचो. मुंबईची एक टीम अमरावती-अकोल्यात पोलिसांची सिरियल करायला आली आणि त्यांना 'लोकल फ्लेवर' हवा होता. तो फ्लेवर म्हणजे मी! तेव्हापासून टपरीवर मित्र विचारतात, "काय मजा असंल ना बे शूटिंगची!"

मजा? ऐका.

* * *

पहिल्या एपिसोडात मी आमचा इन्स्पेक्टर ड्यूटी संपवून घरी पाठवला. बायको म्हणते, "मेथी आणली का?" तो म्हणतो, "विसरलो." मला वाटलं, किती खरा सीन!

चॅनलच्या तन्वी मॅडमचा फोन आला. "सर, याचं दुःख काय आहे?"

"काही नाही. सुखी आहे."

"सुखी इन्स्पेक्टर कोण बघणार?"

झालं! बायकोला मारावं लागलं. त्या भूमिकेसाठी अमरावतीचीच एक मुलगी घेतली होती. तिचं साईनगरात घरोघरी सांगून झालं होतं, अन् तिच्या वाट्याला आली भिंतीवरची एक फ्रेम. हार घातलेली.

तिची खरी सासू एक दिवस हौसेनं सेट पाहायला आली. फ्रेमसमोर उभी राहिली आणि जी काही कडाडली! "माही सून तिकडं घरी धडधाकट भाकरी थापून राहिली, अन् तुमी तिले हार घातला?"

आमचा दिग्दर्शक समीर हात जोडून म्हणाला, "आई, हार काढतो. नुसता दिवा ठेवतो."

"दिवाबी नाही!"

शेवटी नुसता फोटो राहिला. प्रेक्षकांना वाटलं, बायको पळून गेली. तन्वी मॅडम खूश! म्हणाल्या, "सर, काय ट्विस्ट दिलात!"

* * *

समीरचं स्वतःचं वेड म्हणजे अंधार. ठाण्यात अंधार, घरात अंधार, दवाखान्यात अंधार. चौकशीच्या खोलीत एकच बल्ब, तोही हलता. अमरावतीचा मे महिना, दुपारची वेळ, बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि आम्ही सगळ्या खिडक्यांना काळे पडदे ठोकून आत उकडून निघतोय. मी म्हटलं, "अरे, ठाण्यात ट्यूबलाइट असते. पोलिसाला लिहावं लागतं, वाचावं लागतं."

"सर, अंधार म्हणजे ग्रिटी. एकदम खरंखुरं."

पहिला एपिसोड लागला त्या दिवशी माझी आई नांदगाव खंडेश्वरला टीव्हीसमोर नटून बसली होती. पाच-दहा मिनिटांत तिचा फोन. "काहून रे, तुह्या ठान्यातली लाइन गेली होती का?"

दुसऱ्या दिवशी तिनं टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं सगळं तपासून तिला सांगितलं, "काकू, टीव्ही ठणठणीत हाय. सिरियलच जळली हाय."

* * *

आता भाषा. ज्यासाठी मला घेतलं ती! आमचा इन्स्पेक्टर कथेत दर्यापूरचा, शेतकऱ्याच्या घरात वाढलेला. पण बोलणार पुण्यातलं. वऱ्हाडी बोलणार कोण? हवालदार, चोर आणि दारू प्यालेला साक्षीदार! मी भांडलो. समीर म्हणाला, "सर, हिरो वऱ्हाडी बोलला तर कॉमेडी होते." म्हणजे आमच्याकडे माणूस रडतो, चिडतो, पोरगी पसंत करतो, ती सगळी कॉमेडीच का?

इन्स्पेक्टरचं काम करणारा केदार मात्र सज्जन. मुंबईचा, पण म्हणाला, "सर, मला एक तरी वाक्य द्या." मी दिलं. खुन्याची कॉलर धरून म्हणायचं, "काहून मारलं बे त्याले?" केदारनं मेकअप करताना, जेवताना, गाडीत, सगळीकडे तेच घोकलं.

दर्यापूरला चौकात शूटिंग. बघ्यांची गर्दी. रस्त्यावर प्रेत म्हणून गावातलाच एक जण पडलेला. केदारनं कॉलर धरली, डोळे लाल केले, वाक्य टाकलं.

प्रेत हसलं!

समीर किंचाळला, "कट! अरे, मेलायस ना तू?"

प्रेत उठून बसलं, कपडे झटकले आणि म्हणालं, "मेलो जी. पन साहेबानं असं इचारलं, जसं लग्नाले जेवाले बलावून राहिले."

वाक्य गेलं. इन्स्पेक्टर पुन्हा पुण्याला.

* * *

माझा साळा प्रमोद खराखुरा पोलीस आहे. सिरियल सुरू झाल्यापासून मी सासुरवाडीला जायला भितो. आमच्याकडे प्रेत सापडायला जागा देखणी लागते. त्यामुळे खून अकोल्यात झाला तरी मृतदेह मेळघाटात, सेमाडोहच्या धुक्यात, नाल्याकाठी.

जेवताना प्रमोदनं शांतपणे विचारलं, "भाऊजी, दर वेळी लाश सेमाडोहलेच काहून सापडते?"

"लोकेशन चांगलं आहे."

"खुनी बुकिंग करून जाते का?"

* * *

हिरो नियम मोडणार आणि त्याचा साहेब त्याला सस्पेंड करणार, हे तर दर चार एपिसोडांनी ठरलेलंच. समीरला हवं होतं, हिरोनं बॅज काढून साहेबाच्या टेबलावर आदळावा. मी म्हटलं, आपल्याकडे तसा बॅज नसतो. "मग काय असतं?" टोपी असते. केदारनं टोपी आदळली. तिचा आवाज येईना. समीर वैतागला. "आवाज होईल असं काहीतरी आदळ!"

केदारनं तडकाफडकी पट्टा काढला आणि टेबलावर हाणला. काय आवाज झाला! सगळा सेट दचकला.

डाएटच्या नादात दोन महिन्यांत वाळलेला आमचा हिरो पाठ फिरवून तडफेनं दाराकडे निघाला, आणि पँट टेबलाजवळच राहिली.

* * *

आता शेवटचा.

अकोल्याच्या रस्त्यावर एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये आमचं ठाणं उभारलं होतं. बाहेर पाटी, आत लॉकअप, त्याच्या बाजूला जप्तीचा माल ठेवायची जाळीची खोली. दुपारी जेवणाची सुट्टी होती. केदार वर्दीतच इन्स्पेक्टरच्या खुर्चीत टेकला होता. तेवढ्यात एक बाई आत आल्या. पाटी पाहून जीपमधून उतरल्या होत्या. वनमालाबाई, जवळच्याच गावच्या, भाजीवाल्या. हात जोडून म्हणाल्या, "साहेब, इहिरीवरची मोटर चोरीले गेली. वांगे वाळून राहिले, मिरची माना टाकून राहिली. मी कोन्त्याबी ठान्यात गेली तं म्हन्तेत, पाहू. कोनी पाहत नाही."

केदारला सांगायला हवं होतं की हे खरं ठाणं नाही. पण तो उठला, बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. हळूच विचारलं, "मोटर कशी होती?"

"हिरवी. माह्या मालकानं पोरीचं नाव टाकलं होतं तिच्यावर, लाल पेंटनं. पायल."

मी पुढे झालो. "बाई, ऐका. हे ठाणं खरं नाही. इथं सिरियलचं शूटिंग..."

बाईंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या जाळीच्या खोलीकडे बघत होत्या. खोली भरलेली दिसावी म्हणून आमच्या आर्टवाल्या गजूनं अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडून ढीगभर सामान आणून टाकलं होतं. मोडक्या सायकली, डबे, वायरी. बाई उठल्या, जाळीला नाक लावलं.

"अवं माय! सापडली म्हना ना मंग, साहेब!"

सायकलींच्या मागे हिरवी मोटर होती. लाल अक्षरं. पायल.

गजूनं जाळी उघडून मोटर बाहेर ओढली. बाईंनी खाली बसकण मारली आणि पदरानं त्या मोटरवरची धूळ पुसायला लागल्या. गजूचा चेहरा पांढराफटक. मी प्रमोदला फोन लावला. तो आला, पंचनामा झाला, भंगारवाला उचलला, त्याच्याकडून चोर मिळाले. कागदपत्रं झाली आणि मोटर बाईंच्या विहिरीवर परत गेली. निम्मी वांगी वाचली.

पंचनाम्याच्या वेळी बाईंनी केदारकडे बोट दाखवून प्रमोदला ऐकवलं, "या साहेबापासून शिका जरा. मी बोलून राहिली, तं मोटर हजर!" खरा पोलीस मान खाली घालून पंचनामा लिहीत राहिला. खोटा पोलीस भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता.

मी लगेच एपिसोड लिहिला. घडलं तसा, एक शब्द न वाढवता. बाई वऱ्हाडी बोलतात, ठाण्यात भरदुपारचं ऊन, कुणी मेलेलं नाही. चॅनलला पाठवला.

तन्वी मॅडमचा फोन आला. "सर, छान आहे. पण फार योगायोग वाटतो हो. आपली सिरियल रिअलिस्टिक आहे ना! एक करा, मोटरच्या जागी मुंडकं सापडू दे."