धोंडीला पाजलेलं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला, त्या वर्षातला दुष्काळ. चाकूरकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. पाळकसाहेब लातूरहून येऊन मायला बजावून गेले होते, "इथं प्रभूच्या प्रतिनिधी तुम्हीच. लोक तुमच्याकडं बघूनच त्याला ओळखतील."

पावसासाठी गावानं धोंडी काढला. अंगभर लिंबाचा पाला बांधलेलं पोरगं दारोदार फिरतं अन् बायका त्याच्यावर पाणी ओततात. आमच्या दारात ते उन्हानं लटपटत होतं. मायनं ओतलं नाही. तांब्या त्याच्या तोंडाला लावला.

"ओतायचं सोडून धोंडीला पाजलं गं हिनं! आता कशाचा पाऊस?" बायका ओरडल्या. पाऊस आला नाहीच. विहिरीवर गावकऱ्यांनी मायची घागर लाथेनं उडवली. "जा, तुझ्या येशूकडून आण."

पाळकसाहेबांनी लातूरच्या ख्रिस्ती देवळात हाच प्रसंग उपदेशात रंगवला. "याला म्हणतात साक्ष!"

मायशेजारी बसलेला मी उभा राहिलो. "साक्ष झाली, साहेब. पाण्याचं काय?"

"प्रभू पुरवील, बाळ." सगळे आमेन म्हणाले.

उपासना सुटल्यावर मायनं साहेबांच्या अंगणातल्या नळाखाली कॅन धरला. पाळकसाहेबांनी स्वतः येऊन तोटी बंद केली. "एकीला दिलं तर सगळेच मागतील, बाई."

माय म्हणाली, "गावानं लाथ मारली, साहेब, पण आधी गोड बोलून न्हाई."

पुढं पुन्हा धोंडी निघाला. आमच्या दाराशी पोरगं थांबलं, जीभ ओठांवरून फिरवत. मायनं दार उघडलं नाही. घरात ओतायलाही नव्हतं अन् पाजायलाही.