अंधेरीच्या खोलीतली हिरवी रेघ

नातीच्या खोलीला रंग देणं चाललंय. आज भिंतीवरची चिकटपट्टी सोलताना ओल्या रंगाचा वास आला आणि मी थेट अंधेरीच्या आमच्या जुन्या खोलीत पोचले.

त्या संध्याकाळी ताईला बघायला येणार होते. म्हणून बाबा सकाळपासून चुन्याच्या खरबरीत भिंतीवर हिरवी रेघ ओढत होते. खळीने कागद चिकटवून त्यांनी कडेने रंग लावला, तर तो कागदाखाली झिरपला.

"वाट लागली!" बाबा ओरडले.

आई कणीक टाकून उठली. "अहो, करंजीच्या कडेला दूध लावतो ना, सारण बाहेर येऊ नये म्हणून? तसा कागदाच्या कडेला आधी चुना लावा."

चुन्याने फटी बुजल्या. तो वाळल्यावर हिरवा रंग दिला आणि कागद सोलला, तर रेघ सुरीने कापल्यासारखी! ताई तर नाचलीच.

मुलगा आला आणि सारा वेळ भिंतीकडेच बघत बसला. "लाजाळू आहे, चालेल," म्हणत ताईने होकार दिला.

खरं काय ते भाऊजींनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. बाबांनी उंची मोजली जमिनीपासून, आणि आमच्या जमिनीला मोरीकडे उतार. रेघही मोरीकडेच निघाली होती.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"पोह्यांची दुसरी बशी यायची होती ना!"