आकडा आला की फाटक उघडतं

माझ्या सासूबाईंचं शेत त्यांच्या फोनमध्ये होतं, आणि आमच्या घरात त्याची चेष्टा करायची कोणाची टाप नव्हती. खरं शेत बंदराच्या कामात गेलं. सासऱ्यांनी सही केली, पैसे आले, त्यातून घर बांधलं, पहिला ट्रेलर घेतला. खाडीकाठच्या त्या तुकड्यावर आता कंटेनर रचून ठेवतात. आमच्या गच्चीवरून ते दिसतात, म्हणून सासूबाई गच्चीवर पापडसुद्धा वाळत घालायला जात नाहीत. मला पाठवतात.

नवऱ्याने नवा फोन घेतला तेव्हा जुना आईला दिला, भजनं ऐकायला. आहे तसाच दिला. स्वतःचं खातं, कार्ड, सगळं आत. त्यात शेतीचा एक खेळ कुठूनसा आला आणि बाई रमल्या. त्या खेळात भातच नाही. मग गहू लावायच्या आणि खेळ बनवणाऱ्याला शिव्या घालायच्या. "कोन हाय गो ह्यो? याला भात ठाव न्हाय?" मी शेजारी टेकले की गेलेल्या शेतात होतं तसं दाखवायच्या, हितं उंबर, तितं उघाडी, भरतीचं खारं पाणी अडवायची बांधातली झडप. खेळात उघाडी मिळेना म्हणून त्या जागी बदकांचं तळं ठेवलं होतं. सासरे गेल्यापासून त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. घरात त्याला कोणी गेम म्हणत नसे. आईचं शेत, बस्स.

दुसरं त्यांचं काम म्हणजे धंद्याचा फोन सांभाळणं. ट्रेलरच्या धंद्यात दिवसभर ओटीपी येतात. डिझेलचा, टोलचा, बंदराच्या पासाचा. ड्रायव्हर फोन करतो, "आजी, आकडा आला का?" आणि त्या एकेक आकडा सुटा करून सांगतात. पलीकडून "फाटक उघडलं, आजी!" ऐकलं की खूश. अख्ख्या धंद्यात त्यांच्याइतकं चोख काम कोणाचं नव्हतं. बँकेलाही तोच नंबर दिलेला.

अशात नवऱ्याच्या कार्डाचं बिल आलं. त्यात कुठल्याशा परदेशी कंपनीचं नाव, एकदा नाही, खाली खाली येतच होतं. शोधलं तर गेमवाली कंपनी निघाली.

"गेम कोण खेळतं घरात?" नवऱ्याने विचारलं. विचारलं सगळ्यांना, बघितलं माझ्याकडे.

अगं बाई! माझं डोकंच फिरलं. मी किहीमची, आमच्याकडे मनात ठेवायची पद्धत नाही. म्हटलं, "दुपारी फोन घेऊन पडते म्हणून काय मी चोर झाले का?" दुसऱ्या दिवसापासून त्याचं पाकीट खुंटीवरच्या शर्टात दिसेना. फोनचा पासवर्ड बदलला. मग मीही कमी नाही. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं, हाच कुठे पत्त्यांचा गेम लावून बसत नसेल कशावरून? तो आंघोळीला गेला की मी त्याचा फोन उलटासुलटा करायची, उघडत नव्हता तरी. एका ड्रायव्हरला सारखं मोबाइलवर गाडी पळवायचा नाद. त्याला मी चहा द्यायचं बंद केलं. त्या बिचाऱ्याला कारणही कळलं नाही. जेवताना नवरा ताटात बघायचा, मी भिंतीकडे. मधे सासूबाई, "मीठ बरोबर हाय ना?" एवढंच विचारायच्या.

शेवटी मीच ताणून धरलं. "करा तक्रार बँकेत. होऊ दे दूध का दूध. मला घाबरायचं कारण नाही." नवऱ्याने फोन स्पीकरवर ठेवला, मला ऐकू यावं म्हणून मुद्दाम. बँकेतली मुलगी म्हणाली, "सर, ओटीपी टाकल्याशिवाय हे होत नाही. घरातलं कोणी असेल का?"

"आमच्या घरात गेम खेळणारं कोणी नाही," नवरा म्हणाला.

समोर कोचावर सासूबाई गव्हाला पाणी घालत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. कशाला करतील? त्या कुठे गेम खेळत होत्या!

तक्रार नोंदली. काही आठवड्यांनी पैसे परत जमा झाले. नवऱ्याने मला बोंबील आणले, हीच त्याची माफी. मी घेतली. ड्रायव्हरला चहा सुरू केला, वर बटरसुद्धा दिलं.

त्याच आठवड्यात सासूबाई फोन घेऊन स्वयंपाकघरात आल्या. "बघ गो, शेत उघडत न्हाय."

पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं. पैसे बँकेकरवी मागे घेतल्यामुळे हे खातं कायमचं बंद केलं आहे. मी पुन्हा वाचलं. हातातली पळी तशीच राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

"आई, शेतात कधी आकडा मागितलेला का?"

"मागतो ना! खाडीकडचा तुकडा पायजे व्हता. तवा आकडा येतो त्या फोनवर. आकडा दिला की फाटक उघडतं." ड्रायव्हरला सांगतात तितक्याच सहज त्यांनी सांगितलं. आकड्यामागे पैसे असतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही तरी कधी सांगितलं? आम्ही फक्त म्हणायचो, आई, आकडा वाच.

नवरा धावपळ करायला लागला. बँकेला म्हणाला, तक्रार मागे घेतो, पैसे उलट घ्या. बँक म्हणाली, प्रकरण बंद झालं. कंपनीला मी इंग्रजीत लिहिलं, म्हातारी बाई आहे, चूक झाली. उत्तर आलं ते मशीनचं. नियम, नियम, आणि शेवटी धन्यवाद. जळलं मेलं त्यांचं धन्यवाद!

नवरा आईपुढे उकिडवा बसला. नवीन खातं काढून देतो म्हणाला, मोठं शेत घेऊ. सासूबाई फोनच्या काळ्या काचेवरून पदराचं टोक फिरवत राहिल्या. मग तो म्हणाला, "आई, वाईट नको वाटून घेऊस. पैसे तर आले ना परत."

त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"तवा पन पैसंच आलं व्हतं," त्या म्हणाल्या.