पाच जणांना प्रत

“लेखी? ‘चूक माझी’ असं लेखी द्यायचं?” वहिनींच्या नवऱ्याने चमचा ताटात आपटला. “आमच्या ऑफिसात तीस वर्षांत कुणी असं लिहिल्याचं मी पाहिलं नाही.”

“म्हणूनच तीस वर्षं तुमच्या फायली हलत नाहीत,” वहिनी म्हणाल्या. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, आमटीच्या भांड्याला टेकून उघडा होता.

वहिनी चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कंपनीत मागणी विभागात होत्या. मुलगी कॉलेजात गेल्यावर, बऱ्याच वर्षांनी त्यांनी पुन्हा नोकरी धरली होती. दुकानांकडून आलेले नंबर संगणकात भरायचे आणि काचा घासणाऱ्या घासकाम विभागाला पाठवायचे, हे त्यांचं काम. नोकरी अजून कच्ची होती. कायम करायचं की नाही, हे याच महिन्यात ठरणार होतं.

आणि दुपारी एका दुकानदाराचा मेल आला होता: काचा चुकीच्या आल्यात, गिऱ्हाईक बाईंना एका पायरीच्या दोन पायऱ्या दिसतात.

वहिनींनी घासकामाच्या मुख्यांना दोन ओळी लिहिल्या. या मुख्यांना सगळी कंपनी मामा म्हणायची. पण पाठवण्याआधी त्यांनी त्या दोन ओळी फोनवर नवऱ्याला वाचून दाखवल्या. हीच त्यांची खोड. इतकी वर्षं घरात राहिल्याने आपलं लिहिणं कचेरीत शोभत नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. नवऱ्याने लगेच मजकूर सांगितला: ‘आपणांस वेळोवेळी कळवूनही आपल्या विभागाकडून अक्षम्य हयगय होत असल्याचे निदर्शनास आले आहे.’ वर सल्ला दिला, “साहेबांसकट पाच जणांना प्रत टाक. पुरावा राहतो.”

मामांना वेळोवेळी सोडा, एकदाही काही कळवलेलं नव्हतं. तरी वहिनींनी तसंच लिहिलं आणि मेल पाठवून घरी आल्या.

घरी आल्यावर त्यांनी मूळ मागणी उघडून पाहिली. डाव्या डोळ्याचा नंबर उजव्यात आणि उजव्याचा डाव्यात. भरला होता त्यांनी स्वतःच. म्हणून जेवायला बसल्यावर त्यांनी चूक लेखी कळवायचं काढलं होतं.

“एका बाईच्या दोन डोळ्यांसाठी पाच जणांना वर्दी!” सासूबाई म्हणाल्या. “मी तुझ्या सासऱ्यांशी भांडले, पण शेजारच्यांना कधी प्रत दिली नाही.”

“आई, तू मध्ये पडू नकोस.”

“मी कुठे पडतेय? पडेल ती बाई, जिन्यावरून.”

“हे बघ,” नवरा आवाज खाली आणून म्हणाला, “सरळ गप्प राहा. मामांना काय, दोन बोल बसतील. ते जुने आहेत, त्यांची नोकरी पक्की आहे. तुझी जाईल.”

वहिनींनी घास ताटात परत ठेवला. मामांनी पहिल्या आठवड्यात त्यांना यंत्रापाशी उभं करून काच कशी घासतात ते दाखवलं होतं, ते त्यांना आठवत राहिलं. तेवढ्यात लॅपटॉप टिंग वाजला. मेल मामांचा होता. वहिनींनी एक डोळा मिटून तो उघडला.

‘ताई, काचा पुन्हा घासायला लावल्यात, उद्या दुपारी दुकानात पोचतील. मागणीत डावं-उजवं उलट पडलंय, एकदा बघून घ्या. हे फक्त तुम्हालाच लिहितोय.’

वरच्या रकान्यात एकच नाव होतं, वहिनींचं. बाकीचे पाचही मामांनी गाळले होते. आवाज चढवणं नाही, टोमणा नाही.

“सुटलीस!” नवऱ्याने टेबलावर थाप मारली. “आता कुणाला कळायचंही नाही. झाकली मूठ.”

“माझी झाकली. मामांची उघडीच आहे ना?”

वहिनींनी लॅपटॉप पुढे ओढला. या वेळी कुणाला वाचून दाखवलं नाही. ‘नंबर भरताना डावं-उजवं माझ्याकडून उलटं झालं. घासकाम विभागाची काही चूक नव्हती. दुपारच्या मेलबद्दल मामांची माफी मागते. नव्या काचा उद्या दुपारी पोचतील.’ ज्या पाच जणांपुढे मामांना बोल लावला होता, त्याच पाचांना प्रत. बटण दाबलं.

नवऱ्याने कपाळाला हात लावला. सासूबाईंनी सुनेच्या ताटात गरम भात वाढला.

भात संपायच्या आत साहेबांचं उत्तर आलं. ‘ठीक. यापुढे नंबर भरल्यावर एकदा ताडून बघत जा. सोमवारी कायम नेमणुकीच्या कागदांसाठी भेटा.’

वहिनींनी ते दोनदा वाचलं, मग मोठ्याने वाचलं, आणि खुर्चीत अशा सैल बसल्या, जणू दुपारपासून डोक्यावर धरलेला हंडा कुणी उतरवून घेतला. सासूबाई हसल्या. नवराही हसला आणि म्हणाला, “बरं, आता साहेबांना आभाराचं मी सांगतो तसं लिही. ‘आपल्या कृपादृष्टीबद्दल...’”

वहिनींनी लॅपटॉप मिटला.

“उद्यापासून ऑफिसचे मेल मी ऑफिसातच लिहिणार,” त्या म्हणाल्या. “घरी कुणाला वाचून दाखवणार नाही.”

आणि त्यांनी आमटीचं भांडं पुढे ओढलं.