चार दिवसांचा डेमो
मेंदीचा वास आला की वीसेक वर्षांपूर्वीची भाईंदर पश्चिमेची एक शाळा आठवते. बी.एड. होऊन मी तिथे नोकरी मागायला गेले, तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, “चार दिवस डेमो द्या, मग बघू.” चौथीचा वर्ग मी जीव लावून शिकवला. पाचव्या दिवशी त्या वर्गाच्या बाई कोपरापर्यंत मेंदी लावून रजेवरून परतल्या. जागा रिकामी नव्हतीच, हे कळून माझे डोळे भरले. त्या ओशाळल्या. “अहो, लग्नाला रजाच देत नव्हते मला. तुम्ही सापडलात म्हणून मिळाली,” म्हणाल्या आणि पर्समधला रुखवताचा लाडू त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मला रागावताच येईना. नोकरी पुढे दुसरीकडे लागली. पण न पाहिलेल्या त्या लग्नाला आपलाही हातभार लागला, याचं अजून बरं वाटतं.