काळ्या मोटारीचा पट्टा

भालकी ते उदगीर मोटारींची शर्यत लागली होती, तिची आठवण निघाली की आजही मला एका जागी बसवत नाही. उठतो, अंगणात दोन फेऱ्या मारतो, परत येऊन बसतो. सूनबाई म्हणते, "मामा, नोकरी सुटून किती वर्षं झाली, आता तरी निवांत बसा." निवांत बसता आलं असतं तर पोलिसात कशाला गेलो असतो?

निजामी अमदानीतली, पोलीस ॲक्शनच्या बरीच आधीची गोष्ट. मी भालकीला अमीन होतो. अमीन म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. दोन्ही मालकांची घरं आजही भरलेली आहेत आणि मला या वयात कुणाच्या ओसरीवर जाऊन वाद घालायचा नाही.

भालकीहून उदगीरला उतारूंची मोटार सुरू व्हायची होती. परवाना एकालाच मिळणार आणि मागणारे दोघे. एक गुळाचा अडत्या, दुसरा कापसाचा व्यापारी. वरच्या एका हौशी अधिकाऱ्याच्या डोक्यात आलं, दोघांच्या गाड्या पळवा, जो आधी उदगीर गाठेल त्याला लाईन द्या. झालं! सगळ्या तालुक्याला दुसरा विषय उरला नाही. अडत्याची मोटार काळी, व्यापाऱ्याची हिरवी. बाजारात माणसं काळ्याची आणि हिरव्याची म्हणून ओळखली जायला लागली. माझ्या ठाण्यातले जवानसुद्धा दोन बाजूंना बसून जेवायचे.

नियम केले होते. दोन्ही गाड्यांत सारख्या वजनाची जवारीची पोती ठेवायची. वाटेत माणसाची किंवा जनावराची मदत घ्यायची नाही. मांजरा नदीवर पूल नव्हता, तीसुद्धा गाडीनं आपल्या बळावर ओलांडायची. सुटायच्या आधीच बोंबाबोंब झाली. हिरव्यावाले म्हणाले, त्यांची पोती उघडा. काळ्यावाले म्हणाले, आधी त्यांची उघडा. उघडली तर एकाच्या पोत्यात जवारीखाली भुसा, दुसऱ्याच्यात सरकी! दोघांनाही पोती बदलायला लावली. मी तिथं बंदोबस्ताला होतो. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. सुरुवातच अशी, तर पुढं काय वाढून ठेवलंय असं वाटत राहिलं.

दुपारी खबर आली. नदीपलीकडच्या चढावर काळी मोटार बंद पडली आणि तिचा क्लिनर भाजला. इंजिन तापलं म्हणून त्यानं पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी थेट तोंडावर उसळलं. त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेला. हिरवी मोटार उदगीरला पोचून जिंकलीसुद्धा.

मी जागेवर जाऊन पंचनामा केला. मोटारीच्या इंजिनासमोर पंखा असतो, तो फिरला की टाकीतलं पाणी गार राहतं. तो पंखा फिरवणारा चामडी पट्टाच जागेवर नव्हता. काळ्या मोटारीच्या ड्रायव्हरनं फिर्याद दिली की हिरव्या मोटारीच्या ड्रायव्हरनं भालकीतच पट्टा अर्धवट कापून ठेवला, तो वाटेत तुटून पडला. लगेच ठाण्यात चहाचा हॉटेलवाला हजर. "मैं अपनी आँख से देख्या साब, हिरवीवाला सुबू सुबू काली गाडी के पास झुकको था!" न विचारता साक्ष द्यायला येतो त्याला कुणीतरी पाठवलेलं असतं, एवढं मी तोवर शिकलो होतो. पण हिरव्याच्या हत्यारांच्या पेटीत धारदार चाकू मिळाला. क्लिनरचे डोळे जातील असं डॉक्टर म्हणत होता. मोहतमीमसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे पोलीस प्रमुख, यांचा निरोप आला की आरोपीला आत टाका आणि चालान, म्हणजे आरोपपत्र, लवकर कोर्टात पाठवा. मी हिरव्या मोटारीच्या ड्रायव्हरला अटक करून हवालातीत बसवला.

गडी तिशीच्या आतला, अंगानं काटक. आईबाप लहानपणीच गेलेले, मोठ्या बहिणीनं वाढवलेला. चालान गेलं असतं तर मोटार चालवायचा परवाना जाऊन तो काही वर्षं बिदरच्या जेलमध्ये सडला असता. पण जबाबात त्याचं एकच पालुपद, "मी कापला न्हाई, सायेब." बाकी मिठाची गुळणी.

त्याची अक्का रोज भाकरी घेऊन यायची. तिला जवान घाबरायचे. मीही थोडा घाबरायचो, खोटं कशाला बोलू.

"अमीनसाब, कामून कोंडलाव ह्याला?" ती दारातूनच सुरू व्हायची. "लहानपणी ह्यानं माझ्या वेणीची फीत कापली न्हाई, मोटारीचा पट्टा कुठनं कापतोय?"

"मग त्याला बोलायला सांगा की," मी म्हणायचो.

मग ती गजांकडं वळायची. "तोंड उघड की रं! मुका झालायस काय?"

"अक्का, तू घरी जा," एवढंच तो म्हणायचा आणि भिंतीकडं तोंड करायचा.

मला चैन पडेना. भालकीपासून त्या चढापर्यंत सगळा रस्ता जवानांकडून धुंडाळून घेतला. पट्ट्याचा तुकडासुद्धा सापडला नाही. चामड्याचा एवढा रुंद पट्टा तुटला तर पडला कुठं? मी जबाब पुन्हा काढून बसलो आणि तेव्हा एक गोष्ट खटकली. काळ्याचा ड्रायव्हर शर्यतीचं रसभरीत वर्णन करत होता. कुठं म्हैस आडवी आली, कुठं पोरांनी दगड मारले, सगळं. पण नदीवर आला की, "नदी उतरलो, पुढं गेलो." हिरव्याच्या ड्रायव्हरला खोदून विचारलं तर तोही म्हणाला, "नदी उतरलो, पुढं गेलो." नदीवर नेमलेल्या पंचाचा अहवाल, दोन्ही गाड्या आपल्या बळावर पार झाल्या. मी दवाखान्यात गेलो. क्लिनरच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या.

"पट्टा हिरव्यावाल्यानंच कापलाय," तो म्हणाला.

"बरं. नदीत काय झालं?"

"नदीचं मला ठावं न्हाई. मी झोपलो होतो, सायेब."

"शर्यतीत? झोपला होतास?"

त्यानं कूस बदलली.

अरे, मी काय आंधळा आहे? मांजरेच्या काठचाच माझा जन्म. तिच्या वाळूत भरली गाडी चाकाच्या आऱ्यापर्यंत रुतते, चार माणसं हाश्शहुश्श करतात तेव्हा निघते. आणि या दोन मोटारी, पोत्यांसकट, सरळ पार झाल्या? एरवी एकमेकांच्या नरड्याला जाणारे हे लोक नदीपुरते एका सुरात बोलत होते. मला ते सहन होईना. ठाण्यात येरझाऱ्या घालून मी जमादाराला वैताग आणला.

एवढ्यात येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, आली. आमच्या भागात येळवशीला गावात कुणी राहत नाही. सगळे आपापल्या रानात जातात, पूजा करतात आणि वाटेनं जाणाऱ्यालासुद्धा हाताला धरून जेवायला बसवतात. नदीकाठच्या गावच्या पाटलानं मला आवतण दिलं होतं. मी घोड्यावर निघालो. जेवणापेक्षा ती नदी मला बघायची होती.

रानात कडब्याच्या खोपीपुढं पंगत बसली. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. शेजारी बैल सजवून बांधले होते. त्यातला पांढरा बैल मान हलवायचा आणि त्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज व्हायचा. माझं लक्ष गेलं. घुंगरं ओवलेला पट्टा रुंद, काळपट, तेलकट. आणि दोन टोकं जिथं जोडली होती तिथं लोखंडी दातांची चाप. तशीच चाप मी हिरव्या मोटारीची झडती घेताना तिच्या पंख्याच्या पट्ट्यावर बघून लिहून घेतली होती. उंडा माझ्या हातातच राहिला.

"हा पट्टा कुठला हो, अप्पा?" मी बैलाच्या मालकाला विचारलं.

"त्यो व्हय? मोटारीचा डलेवर इसरून गेलाय," म्हातारा सहज म्हणाला. "काळी गाडी वाळूत रुतली. पंख्यानं इंजिनावर पाणी उडतंय म्हणून त्यानं पंख्याचा पट्टा आधीच काढून हातात धरला होता. बैल जुपले, वढाय लागले, तर आमची जुपणीची दोरी तुटली. त्यानं घाईघाईनं ह्यो पट्टा दिला बांधायला. गाडी वर निघाली की पळालाच बगा. मागनं मी हाका मारायलोय, ह्यो ऐकतोय कुठं!"

"आणि हिरवी गाडी?"

"ती बी आमच्याच बैलानं काढली की. दोगं बी हातापाया पडायलते, कुणाला सांगू नका म्हणून."

"पंच होता ना नदीवर?"

पाटलानं मान खाली घातली. म्हातारा म्हणाला, "पंच रानात हुरडा खायलते, साहेब. आमीच बोलावलं होतं."

"अहो, माझे जवान तुमच्या गावात येऊन गेले! मग सांगितलं का नाही?"

"त्यांनी इचारलं, पट्टा कुणी कापला. पट्टा कुणी कापलाच न्हाई तर काय सांगावं? बैलाचं कुणी इचारलं?"

पंगत हसली. मी हसलो नाही. रागानं माझे कान तापले होते. एक माणूस डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडलाय, दुसरा कोठडीत बसलाय, आणि पट्टा इथं अख्खाच्या अख्खा बैलाच्या गळ्यात वाजतोय! पंगतीतल्या दोघांना साक्षीला घेऊन पट्टा जप्त केला, म्हाताऱ्याचा जबाब घेतला आणि घोडा भालकीकडं पिटाळला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही ड्रायव्हर समोरासमोर उभे केले. पट्टा घुंगरांसकट टेबलावर टाकला. काळ्या मोटारीच्या ड्रायव्हरनं पट्टा उचलून पाहिला आणि परत ठेवला.

"इसरलो होतो, सायेब. चढावर गाडी तापली तवा आठवलं. मालकाला सांगितलं. मालक मनले, बैल लावले हे भाईर आलं तर लाईन गेली. हिरव्यावाल्याचं नाव घे."

मी हिरव्याच्या ड्रायव्हरकडं वळलो. "आणि तू रे शहाण्या? त्याला बैलांनी ओढलं हे तुला ठाऊक होतं. का गप्प बसलास?"

"मला बी त्याच बैलांनी वढलं होतं की," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "मी बोललो असतो तर माझ्या मालकाची लाईन गेली असती. ते मनले, थोडे दिस कळ काढ. जेल झाली तर तुझ्या अक्काला आम्ही संभाळतो."

अक्का भाकरी घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. फडकं खाली ठेवून ती आत आली आणि भावाच्या कानफटात अशी वाजवली की बाहेरचा पहारेकरी आत डोकावला.

"मला संभाळणारे ते कोण रं? मी तुला संभाळलंय!" ती ओरडली आणि मग तिथंच त्याच्या छातीवर डोकं टेकवून रडली.

मी रोजनामचा उघडला आणि त्यात डोकं घातलं. ठाण्यात आरोपीला मारहाण झाली अशी नोंद काही मी केली नाही.

तो सुटला. नदीवरच्या पंचाला घरी बसवलं. शर्यत रद्द झाली. खोट्या फिर्यादीचं प्रकरण मी काळ्या मोटारीच्या मालकापर्यंत नेऊ पाहिलं, पण ते ड्रायव्हरच्या डोक्यावर फुटलं आणि मालक नामानिराळा राहिला. तेव्हा माझा फार संताप झाला होता. आजही कमी झालाय असं नाही.

पुढं माझी बदली झाली. बऱ्याच काळानं सरकारी कामासाठी मी भालकीहून उदगीरला मोटारीनं निघालो. लाईन सुरू झाली होती. अडत्या आणि कापसाचा व्यापारी दोघांनी भागीदारी केली होती! नदीवर मोटार थांबली. सगळे उतारू आपोआप खाली उतरले, जोडे हातात घेतले. पलीकडून एक माणूस बैलजोडी घेऊन आला. कंपनीची बैलजोडी, रोजची. शर्यतीत जे करायचं नव्हतं तेच आता दिवसातून दोनदा व्हायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

तो माणूस जवळ आला तेव्हा ओळखला, काळ्या मोटारीचा क्लिनर. गालाची कातडी आक्रसलेली, एक डोळा बंद. "पाणी किती आहे रे?" मी विचारलं.

"अमीनसाब हायत व्हय?" त्यानं आवाजावरून ओळखलं.

"कसा आहेस?"

"बरंय. मालकांनी ह्या बैलांवर ठेवलंय. लाईन लागली की तुला डलेवर करतो, मनले होते. आता एका डोळ्यावर कोण परवाना देतंय?" त्यानं जुपणी आवळली. जरा थांबून म्हणाला, "त्या दिशी मी झोपलो नव्हतो, सायेब."

"ठाऊक आहे मला."

"चढावर मी मनलं होतं, मागं फिरू, पट्टा आणू. डलेवर न्हाई मनला."

"मग उकळत्या टाकीचं झाकण कशाला उघडलंस रे?"

"इंजिन जळालं असतं की मालकाचं," तो म्हणाला, आणि त्याला त्यात काही विशेष सांगितलं असं वाटलं नाही.

चोर, दरोडेखोर, खुनी, सगळे बघितले मी. माणूस स्वतःला वाचवायला खोटं बोलतो, ते काढून घेणं अवघड नसतं, दोन दिवसांत तो थकतो. पण मालकासाठी खोटं बोलणारा थकत नाही. तो ते खोटं इमान म्हणून सांभाळतो, त्यासाठी कोठडीत बसतो, डोळा घालवतो, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो त्या गाडीत नसतोच. त्या दिवसापासून कुणाचाही जबाब घेताना मी आधी विचारत आलो, तू नोकरीला कुणाकडं आहेस?

बैलांनी मोटार ओढायला सुरुवात केली. "चला, सायेब, पाणी थोडंच हाय," तो म्हणाला. मी बूट हातात घेतले आणि त्याच्या मागून नदीत उतरलो.